दाखला तब्येतीचा, प्रश्न विम्याचा

जून-जुलै उजाडला की दवाखान्यात एक वेगळीच रांग लागते. ही रांग ताप-खोकल्याची नसते, तब्येतीच्या दाखल्याची असते. पदवी नुकतीच हातात पडलेली मुले-मुली नेमणुकीचे पत्र घेऊन येतात. कोणी चाकणला निघालेला असतो, कोणी कुपवाडला किंवा कागलला. कोणी बी. फार्म. होऊन औषध कंपनीत रुजू होणार असते. आष्ट्यात इंजिनिअरिंग, फार्मसी, आयुर्वेद, कला-वाणिज्य अशी महाविद्यालये असल्याने दरवर्षी ही रांग वाढतच चालली आहे.

वजन, रक्तदाब, डोळे तपासून झाले की सही करण्यापूर्वी मी एक प्रश्न हमखास विचारतो, "विमा आहे का रे?" उत्तर बहुधा ठरलेले असते. "आहे की डॉक्टर, वडिलांनी मी लहान असतानाच काढलाय." मग पुढे विचारले, "किती रकमेचा? कशाचा? आजारपणाचा की जीवनाचा?" तर मुलगा बापाच्या तोंडाकडे बघतो आणि बाप छताकडे.

आरोग्याच्या सदरात विम्याची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु उपचार कोठे घ्यायचे, शस्त्रक्रिया आज करायची की पुढच्या महिन्यात, हे पुष्कळ घरांत रोगावरून ठरत नाही, कपाटातल्या पैशावरून ठरते. म्हणून हा प्रश्न डॉक्टरांचाही आहे.

एक घडलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एक पदवीधर मुलगा सांगलीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला. मांडीचे हाड मोडले. पुण्यातली नोकरी त्याने महिन्यापूर्वीच सोडली होती आणि नवी अजून लागायची होती. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपला होता. धावपळीत जे रुग्णालय जवळ दिसले तेथे नेले. शस्त्रक्रिया चांगली झाली, मुलगा चालू लागला. पण बिल भागवताना दोन दुभत्या म्हशी गेल्या आणि सोसायटीचे कर्ज थकले.

नंतर वडील बिले घेऊन माझ्याकडे आले. मी विचारले, "रेशन कार्ड कोणते?" म्हणाले, "केशरी." म्हणजे हीच शस्त्रक्रिया शासनाच्या योजनेत, तासाभराच्या अंतरावरील रुग्णालयात विनामूल्य होऊ शकली असती. ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही, साहेब." आजचा लेख त्या वाक्यासाठी आहे.

विमा आपल्याकडे नवा नाही

विमा ही शहरी लोकांची गोष्ट आहे असा समज अजूनही आहे. तो खरा नाही. अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यात १९१३ साली 'वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी' काढली. त्या वेळी आपला वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पुढे १९५६ मध्ये देशातील जीवनविमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. म्हणजे जीवनविमा आपल्या मुलखात शंभर वर्षांहून जुना आहे. आजारपणाचा विमा मात्र पुष्कळ नंतरचा. 'मेडिक्लेम' या नावाने तो १९८६ मध्ये सुरू झाला. त्यामुळे 'विमा' म्हटले की आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वीस वर्षांनी मिळणारी रक्कमच येते, दवाखान्याचे बिल येत नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे प्रथम ध्यानात घ्यावे. आरोग्य विमा आपण जिवंत असताना उपचाराचा खर्च भागवतो. जीवनविमा आपल्यामागे राहणाऱ्यांसाठी असतो. आजारी कोणीही पडू शकतो, म्हणून आरोग्य विमा प्रत्येकाला हवा. जीवनविमा मात्र ज्याच्या कमाईवर किंवा सहीवर दुसरे कोणी अवलंबून आहे त्याला हवा.

आधी फुकट आहे ते पदरात घ्या

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी योजना. ती २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू झाली. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली आणि जुलै २०२४ पासून पिवळे, केशरी, पांढरे अशा सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. यासाठी हप्ता भरावा लागत नाही. घरात ७० वर्षांवरील आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नसलेले वेगळे आयुष्मान कार्ड निघते. पदवीधर नातवाने पहिले काम म्हणून ते काढून द्यावे.

या योजनेच्या मर्यादाही माहीत असाव्यात. ती फक्त अंगीकृत, म्हणजे योजनेशी करार केलेल्या रुग्णालयांत चालते आणि यादीतील उपचारांनाच लागू होते. म्हणून रुग्णाला गाडीत घालण्यापूर्वी किंवा निदान भरती करताना "येथे योजना आहे का, आरोग्यमित्र कोठे बसतात?" हे दोन प्रश्न विचारावेत. आरोग्यमित्र हा योजनेचा माणूस अंगीकृत रुग्णालयातच भेटतो. मिरज हे आपल्याकडचे वैद्यकीय केंद्र. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तेथेच. मिरज-सांगलीतील योजनेत असलेल्या रुग्णालयांची यादी आजच पाहून घरात चिकटवून ठेवावी. अपघाताच्या रात्री ती शोधायला कोणाला सुचत नाही.

आणखी एक गोष्ट. रेशन कार्डावर मुलाचे नाव आहे का, आधार कार्डावरील नावाशी ते जुळते का, हे तपासावे. लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेले आणि सासरी चढलेलेच नाही, असे पुष्कळदा होते. गरजेच्या वेळी ती बिचारी दोन्हीकडून सुटते.

नोकरी लागली, म्हणजे काय काय मिळाले?

नेमणुकीच्या पत्रात पगाराचा आकडा सगळे वाचतात. खालच्या ओळीही वाचाव्यात. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन (ही मर्यादा २०१७ पासूनची) आणि योजना लागू असलेला कारखाना असेल तर राज्य कामगार विमा, म्हणजे ई.एस.आय. मिळतो. त्यासाठी कामगाराच्या पगारातून २०१९ पासून पाऊण टक्का कापला जातो. मालक सव्वातीन टक्के भरतो. १६,००० रुपये पगारावर कामगाराचे १२० रुपये होतात. एवढ्यात स्वतःसह पत्नी-मुलांचे उपचार आणि अटी पूर्ण झाल्यास आश्रित आई-वडिलांचेही उपचार होतात. शिवाय आजारपणाच्या रजेत वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. पण कुटुंबाची नावे नोंदवलेली हवीत. ती नोंदवायची राहून जातात आणि कार्ड पाकिटात पडून राहते.

भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याच्याशी जोडलेला एक जीवनविमाही असतो. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास वारसांना जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळतात (ही रक्कम २०२१ मध्ये ठरली). त्यासाठी कर्मचाऱ्याला वेगळे काही भरावे लागत नाही. मात्र वारसाचे नाव नोंदवून ठेवावे.

मोठ्या कंपन्या सामूहिक आरोग्य विमा देतात. तो घ्यावा, परंतु त्याच्यावर विसंबून राहू नये. नोकरी गेली, बदलली किंवा कंपनी बंद पडली की तो संपतो, आणि आजची पोरे वर्षा-दोन वर्षांत नोकरी बदलतात. नोकरी सोडण्यापूर्वी त्याच विमा कंपनीच्या व्यक्तिगत पॉलिसीत जाता येते का, याची चौकशी करावी. वर सांगितलेल्या मुलाने ती केली असती तर दोन म्हशी दावणीला राहिल्या असत्या.

स्वतःची आरोग्य पॉलिसी घेताना

"मला काय धाड भरलीय?" असे बावीस वर्षांचा मुलगा म्हणतो. नेमके म्हणूनच आज घ्यावी. निरोगी माणसाला पॉलिसी सहज आणि स्वस्तात मिळते. एकदा साखर निघाली, मुतखडा झाला की अटी सुरू होतात. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात (आताचे ईश्वरपूर) कोरोनाचे रुग्ण सापडले आणि पुढची दोन वर्षे आपण काढली. भरती होणाऱ्यांत तरुणही होते, हे विसरता येणार नाही.

पॉलिसी घेताना खालील गोष्टी एजंटाला स्पष्ट विचाराव्यात.

१. प्रतीक्षा काळ किती? पहिले तीस दिवस बहुधा अपघाताखेरीज काही मिळत नाही. हर्निया, मुतखडा अशा ठरावीक आजारांना दोन-तीन वर्षे थांबावे लागते. पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारासाठी एप्रिल २०२४ पासून कमाल प्रतीक्षा तीन वर्षांची आहे.

२. खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का? ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. समजा, पॉलिसीत दिवसाला ३,००० रुपयांची खोली मंजूर आहे आणि आपण ६,००० रुपयांची घेतली. मग फक्त खोलीचे जादा भाडेच नव्हे, तर डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च यांतही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. त्या खर्चाचे ६०,००० झाले असतील तर ३०,००० आपल्या खिशातून जातील. मर्यादा नसलेली पॉलिसी मिळाल्यास उत्तम. नाहीतर मर्यादेतलीच खोली घ्यावी.

३. बिलाचा काही टक्के हिस्सा आपल्याला भरावा लागणार का? हप्ता कमी दिसतो तेव्हा हे कलम बहुधा आत दडलेले असते.

४. सांगली, मिरज, कोल्हापूर येथील कोणत्या रुग्णालयांत रोख न भरता उपचार होतात? पॉलिसी कितीही चांगली असली तरी जवळचे रुग्णालय यादीत हवे.

आई-वडिलांना आपल्याच पॉलिसीत घालण्याचा मोह होतो. भावना चांगली आहे. पण एकत्र पॉलिसीत हप्ता सर्वांत मोठ्या वयाच्या माणसावरून ठरतो आणि रक्कमही सर्वांत मिळून एकच असते. म्हणून आई-वडिलांची पॉलिसी वेगळी काढलेली बरी. उलट, वडिलांच्या पॉलिसीत मुलाचे नाव असेल तर ते पुष्कळ ठिकाणी पंचवीस वर्षांपर्यंतच चालते. वय होण्यापूर्वी त्याच कंपनीत स्वतंत्र पॉलिसी करून घेतल्यास काढलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही.

एक दिलासा असा की २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत जीवन आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे.

जीवनविमा कोणी, किती?

अविवाहित मुलावर कोणी अवलंबून नसते असे वरवर वाटते. पण शैक्षणिक कर्जाचे कागद काढून बघा. मुलाच्या सहीशेजारी सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते. मुलाचे काही बरेवाईट झाले तर बँकेचा हप्ता थांबत नाही, तो बापाच्या उसावर येतो. म्हणून कर्ज असेल तर निदान तेवढ्या रकमेचा जीवनविमा पहिल्या पगारातच घ्यावा. बहिणीचे शिक्षण, आईचा औषधोपचार आपल्या पगारावर चालत असेल तर वार्षिक कमाईच्या दहा-पंधरा पट रक्कम हा ठोकताळा धरावा.

आता कोणत्या प्रकारचा? आपल्याकडे एजंट बहुधा मामा, मेहुणा नाहीतर वडिलांचा वर्गमित्र असतो. भिडेखातर पॉलिसी घेतली जाते. एजंटांना मी दोष देत नाही. अडचणीच्या वेळी कागद घेऊन घरी येणारा चांगला एजंट मोलाचाच असतो. पण हिशेब आपण मांडावा. बचतीच्या पॉलिसीत महिना हजार रुपये भरले तर वीस वर्षांसाठी साधारण अडीच लाखांच्या आसपासचे संरक्षण मिळते. तेवढ्यात शैक्षणिक कर्जसुद्धा फिटत नाही. निव्वळ मुदतीच्या विम्यात मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही, परंतु बावीस-तेवीस वर्षांच्या निर्व्यसनी तरुणाला त्याहून कमी हप्त्यात पन्नास लाखांचे संरक्षण मिळू शकते, आणि हप्ता बहुधा मुदतभर तेवढाच राहतो. उत्पन्नाचा पुरावा मात्र लागतो. उरलेले पैसे पोस्टात किंवा भविष्य निधीत टाकावेत. बचत आणि विमा वेगवेगळे ठेवले की दोन्हींचा हिशेब कळतो.

ज्यांची कमाई अजून सुरू झालेली नाही, पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे, किंवा घरचा ऊस-हळद बघत आहेत, त्यांच्यासाठी बँकेतील दोन योजना आहेत. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्यात (वय १८ ते ५०) जून २०२२ पासून वर्षाला ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात. सामील झाल्यावर पहिले तीस दिवस मात्र अपघाती मृत्यूच धरला जातो. प्रधानमंत्री सुरक्षा विम्यात (वय १८ ते ७०) वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी १ लाख मिळतात. हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. त्या वेळी खात्यात पैसे नसतील तर विमा बंद पडतो आणि घरात कोणाला कळतही नाही.

शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का अशा अपघातांत खातेदार शेतकरी आणि कुटुंबातील एका सदस्यासाठी २ लाखांपर्यंत मदत मिळते. चौकशी तालुका कृषी कार्यालयात करावी.

मोटारसायकल

पदवीधराच्या हाती पगाराआधी मोटारसायकल येते. तिचा विमा पहिल्या मुदतीनंतर पुष्कळ जण भरत नाहीत. गाडी चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण परवाना वैध नसेल तर तो मिळत नाही. आणि हेल्मेट आरशाला अडकवून फिरणाऱ्यांना एवढेच सांगतो की डोक्याला मार लागल्यावर पैसे मिळाले तरी माणूस पूर्वीसारखा परत येईलच असे नाही.

अर्जात खरे लिहा

मागच्या वर्षी एक इंजिनिअर झालेला मुलगा विम्याचा अर्ज घेऊन आला. लहानपणापासून दमा. त्याची आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तेवढं दम्याचं लिहू नका की. पोराची पॉलिसी अडंल." आईचा हेतू समजण्यासारखा होता. मी त्या माउलीला विचारले, "उद्या याला रात्री धाप लागली आणि मिरजेला नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी विचारल्यावर तुम्ही काय सांगाल?" ती म्हणाली, "लहानपणापासून दमा हाय, असंच सांगणार. खोटं सांगून कसं चालंल?"

बस्स, गोष्ट तेथेच संपते. भरतीच्या कागदावर आई खरे सांगणार, सांगितलेच पाहिजे, आणि विमा कंपनी तोच कागद मागवणार. अर्ज एक बोलतो आणि केसपेपर दुसरे, मग दावा नामंजूर होतो. दमा लिहिला तर हप्ता थोडा वाढेल किंवा जास्तीत जास्त तीन वर्षे दम्यासाठी थांबावे लागेल. लपवला तर हप्ते भरूनही हाती काही लागणार नाही. आम्ही दमा लिहूनच अर्ज पाठवला.

तंबाखू, मावा, गुटखा, सिगारेट यांचेही तसेच. "कधीमधी खातो" म्हणजे खातोच, तसे लिहावे. अर्ज एजंटाने भरला तरी सही आपली असते, म्हणून प्रत्येक रकाना वाचून सही करावी. कायदाही प्रामाणिक माणसाच्या बाजूने आहे. जीवनविम्याची पॉलिसी तीन वर्षे चालल्यावर कंपनीला ती कोणत्याही कारणाने खोटी ठरवता येत नाही. आरोग्य विम्यात सलग पाच वर्षांनंतर, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दिली नाही असे म्हणून दावा नाकारता येत नाही.

पॉलिसी हातात आल्यावर ती वाचावी. अटी पटल्या नाहीत तर तीस दिवसांच्या आत परत करता येते. मामाला वाईट वाटेल, पण वीस वर्षे हप्ता आपल्याला भरायचा आहे.

दावा नाकारला तर

प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर पुण्यातील विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निकाल तेथे होतो. चिडून पॉलिसीच बंद करण्यापेक्षा हा अर्ज करावा.

कागद आईला माहीत असू द्या

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात कृष्णाकाठच्या कितीतरी घरांतले कागद भिजून लगदा झाले. पॉलिसी, रेशन कार्ड, आधार, पासबुक यांची एकेक झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवावी आणि फोटो मोबाइलमध्ये असावा. वारसाचे नाव सर्वत्र घालावे आणि लग्नानंतर बदलावे. मुख्य म्हणजे कोणती पॉलिसी, किती रकमेची, कोणत्या बँकेत, एजंट कोण, हे एका वहीच्या पानावर लिहून घरी दाखवावे. पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलचा पासवर्ड आष्ट्यातल्या आईला ठाऊक नसतो.

तेव्हा पदवीधर मित्रांनो, येत्या आठवड्यात एवढे करा. रेशन कार्डावरचे नाव तपासा, अंगीकृत रुग्णालयांची यादी घरात लावा, बँकेत जाऊन ४३६ आणि २० रुपयांचे दोन अर्ज भरा. पहिला पगार झाला की आरोग्य पॉलिसी घ्या, आणि कर्ज असेल तर मुदतीचा विमा. आणि तब्येतीचा दाखला न्यायला याल तेव्हा विम्याचा अर्जही बरोबर आणा. दोन्हींवर जे खरे असेल तेच लिहू.